वादासाठी बांधलेला चौक

मेथडिस्टांच्या हाताला कॉलेज लाभत नाही, असे फ्रान्सिस ॲसबरी या त्यांच्याच अमेरिकी बिशपचे पक्के मत झाले होते. कारणही तसेच घडले होते. मेरीलँडमधल्या ॲबिंग्डन गावी १७८५ साली पाया घातलेले कोक्सबरी हे अमेरिकी मेथडिस्टांचे पहिले कॉलेज. १०८ फूट लांब, ४० फूट रुंद, तीन मजली विटांची इमारत. तिच्यासाठी दारोदार वर्गणी मागता मागता ॲसबरी मेटाकुटीला आले. नियम तर असे, की जगात ज्याला खेळ म्हणतात तो पोरांनी खेळायचाच नाही. मोकळ्या वेळात बागकाम करावे, चालायला जावे, आणि आंघोळीला उतरलेच तर एका वेळी एकाने, तेही मिनिटभर. १७९५ च्या डिसेंबरात ही इमारत जळून खाक झाली. बाल्टिमोरला नव्याने मांडलेला संसार ४ डिसेंबर १७९६ ला पुन्हा आगीतच गेला. ॲसबरींनी काय ते ओळखले. देवाने मेथडिस्टांना कॉलेजे बांधायला बोलावलेले नाही, असा निर्वाळा देऊन ते पुन्हा घोड्यावर बसले आणि प्रवचने देत हिंडू लागले.

चाळीस वर्षांनी दक्षिणेतल्या मेथडिस्टांनी पुन्हा कॉलेजचा घाट घातला, तेव्हा त्यांनी इमारतीआधी गावच आखले. जॉर्जिया राज्यात कव्हिंग्टनजवळ १८३६ साली एमरी कॉलेजला सनद मिळाली. नाव जॉन एमरी या बिशपचे. आदल्याच वर्षी ते घोडागाडीच्या अपघातात गेले होते. गावाचे नाव ऑक्सफर्ड, कारण मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक वेस्ली बंधू इंग्लंडातल्या ऑक्सफर्डात शिकले. १८३७ साली एडवर्ड लॉइड थॉमस यांनी आखणी केली, ती नकाशावर एकदा पाहावीच. मुख्य रस्ते कॉलेजच्या जागी येऊन मिळतात. एरवी अमेरिकी गावात ही मानाची जागा कोर्टाची किंवा बाजाराची. इथे जमिनी ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, त्याही अटीवर, की दारू विकायची नाही आणि जुगार खेळायचा नाही. रस्त्यांना वेस्ली, कोक, फ्लेचर अशी मेथडिस्ट पूर्वजांची नावे मिळाली. एका रस्त्याला ॲसबरींचेही नाव आहे. कॉलेजांवर पाणी सोडलेल्या माणसाचे नाव कॉलेजच्याच गावात, हा विनोद आखणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे.

१८३८ साली पंधरा विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. त्या पहिल्या दिवसांतल्या इमारती साध्या होत्या आणि त्या टिकल्या नाहीत. आज चौकात उभे राहिले की नजर जाते ती समोरासमोरच्या दोन सभागृहांकडे: १८५१ चा फाय गॅमा हॉल आणि १८५२ चा फ्यू हॉल. दोन्ही ग्रीक मंदिराच्या घाटाचे. पुढे पांढऱ्या खांबांची ओसरी, वर त्रिकोणी माथा, मागे सरळसोट आयताकृती अंग. त्या काळच्या अमेरिकेत बँकांपासून जमीनदारांच्या घरांपर्यंत सगळ्यांनी हा घाट वापरून गुळगुळीत केला होता, त्यामुळे एकेकटी घेतली तर या इमारतींत फार नवल नाही. नवल आहे ते दोघींच्या नात्यात.

या वर्गखोल्या नव्हत्या. त्या विद्यार्थ्यांच्या दोन वादसभांच्या वास्तू होत्या. कॉलेजात आलेला मुलगा फाय गॅमाचा तरी होई, नाहीतर फ्यूचा तरी. प्रत्येक सभेचे स्वतंत्र ग्रंथालय, स्वतंत्र अध्यक्ष, स्वतंत्र नियम. अभ्यासक्रमात लॅटिन, ग्रीक, गणित. पण बोलायला, खोडून काढायला, सभा ताब्यात ठेवायला मुले शिकली ती इथे. आपल्याकडे कलगी आणि तुरा हे दोन फड समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल घालत आणि अख्खे गाव रात्रभर बाजू घेऊन ऐकत बसे. त्या दोन फडांना कुणी कायमची दगडविटांची घरे बांधून दिली असती, तर ती अशीच दारासमोर दार ठेवून बांधावी लागली असती. फाय गॅमातून भाषण संपवून बाहेर पडणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो तो प्रतिपक्षाचा दरवाजा. वाद संपला असे या चौकात कुणाला वाटूच नये, अशी ही रचना आहे. मधोमध पहिले अध्यक्ष इग्नेशियस फ्यू यांचे १८४९ चे स्मारक आहे, पंचासारखे. मला तर ते स्मारक थोडे जड वाटते. पण ते काढले तर दोन्ही इमारतींमधला ताण सैल पडेल हेही खरे.

आता या ओसरीच्या खांबांकडे जरा संशयाने पाहायला हवे. वेस्लींचा पंथ साधेपणाचा. उघड्या माळावर, खाणीच्या तोंडाशी, धान्याच्या कोठारात प्रवचने देणारा. त्यांच्या दक्षिणेतल्या अनुयायांना अथेन्सच्या देवळाचा मोह का पडावा? एक उत्तर फॅशन. दुसरे उत्तर तितके निरुपद्रवी नाही. त्या दशकांत दक्षिणेतले वक्ते गुलामगिरीचे समर्थन करताना अथेन्सचा दाखला हमखास देत: लोकशाहीची जननी, तत्त्वज्ञानाचे माहेर, आणि तिथेही गुलाम होतेच की! असे असता १८५१ साली जॉर्जियात एका वादसभेने अथेन्सचा दर्शनी भाग निवडणे ही निव्वळ सौंदर्याची निवड राहत नाही. खांबांची प्रमाणे सुरेख आहेत, आणि ते खांब एक युक्तिवादही मांडतात. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत, आणि रसिकाने तो प्रयत्न करूही नये.

कारण या गावाचा त्या वादाशी संबंध दूरचा नव्हता. कॉलेजच्या विश्वस्त मंडळाचे पहिले अध्यक्ष बिशप जेम्स अँड्र्यू गुलामांचे मालक होते. १८४४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या मेथडिस्टांच्या महासभेत बिशपने गुलाम बाळगावेत की नाहीत, यावर रणकंदन झाले. अँड्र्यूंनी पदाचे काम थांबवावे असा ठराव बहुमताने झाला. एमरीचे तेव्हाचे अध्यक्ष ऑगस्टस लाँगस्ट्रीट त्या सभेत अँड्र्यूंच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. वर्षभरात चर्च दुभंगले, दक्षिणेचे वेगळे मेथडिस्ट चर्च झाले, आणि ही फूट १९३९ पर्यंत सांधली नाही. मराठी वाचकाला मेथडिस्ट म्हटले की कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च आठवेल. १८७१ नंतर विल्यम टेलर यांच्या प्रवचनांतून मुंबईत रुजलेली ती शाखा उत्तरेची. आपल्या ओळखीचे मेथडिस्ट त्या भांडणात अँड्र्यूंच्या विरुद्ध बाजूचे, एवढे ध्यानात असू द्यावे.

उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झाले तसे १८६१ साली कॉलेज बंद पडले. पोरे सैन्यात गेली आणि पुढे वादसभेच्या जागी जखमी सैनिकांचे दवाखाने झाले. फाय गॅमा हॉलमध्येही खाटा पडल्या. जे वाचले नाहीत त्यांची छोटी दफनभूमी कॉलेजच्या आवारातच आहे. १८६६ च्या जानेवारीत वर्ग पुन्हा उघडले तेव्हा पैसा नव्हता आणि मुले थोडी होती. चौकाच्या टोकाला असलेली १८५० च्या दशकातली मुख्य इमारत धोकादायक झाली म्हणून पुढे काही वर्षांत पाडावी लागली. बांधून जेमतेम वीस वर्षे झाली होती. दोन्ही वादसभांच्या वास्तू शाबूत आणि त्यांच्या मधली खुद्द कॉलेजची इमारत जमीनदोस्त: पोरांनी आपल्या घराला बरे गवंडी लावले होते म्हणायचे.

मग १८७४ चा लँग्वेज हॉल, १८७५ चे प्रार्थनागृह अशी आटोपशीर बांधकामे झाली. ऐपत बेताची आहे हे त्या इमारती लपवत नाहीत, आणि मला त्या याच कारणासाठी आवडतात. लँग्वेज हॉल नावाप्रमाणे भाषांचा. ग्रीक-लॅटिनचे पाठ घोकायची जागा. या साऱ्याच्या आदल्या वर्षी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकांना ते अर्पण नव्हते, हे उघड आहे. तरी त्यांच्यापैकीच एकाने सात वर्षांनी जे केले, ते फुल्यांच्या कानावर जाते तर त्यांनी दखल घेतली असती.

तो एक म्हणजे ॲटिकस हेगूड. याच कॉलेजात शिकलेले, युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे पाद्री आणि १८७५ पासून कॉलेजचे अध्यक्ष. १८८० च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्यांनी ‘नवी दक्षिण’ या विषयावर प्रवचन दिले आणि गुलामगिरी संपली याबद्दल देवाचे आभार मानले. तेही ऑक्सफर्डात, जिथे ऐकणाऱ्यांतल्या कितीकांनी त्याच गुलामगिरीसाठी बंदूक उचलली होती. प्रवचन छापले गेले, उत्तरेत पोचले, आणि न्यूयॉर्कचे मेथडिस्ट बँकर जॉर्ज सीनी यांच्या वाचनात आले. सीनींनी कर्ज फेडायला ५,००० डॉलर, नव्या इमारतीला ५०,००० आणि कायम निधीला ७५,००० असे १,३०,००० डॉलर धाडून दिले. प्रवचनातून उभ्या राहिलेल्या इमारती जगात कमी नाहीत. पण त्या बहुधा ऐकणाऱ्यांच्या खिशातून होतात. ही वाचणाऱ्याच्या खिशातून झाली.

१८८१ चा हा सीनी हॉल चौकातल्या रिकाम्या जागी आला आणि त्याने चौकाचा स्वरच बदलला. ग्रीक ओसऱ्यांची पांढरी, आडवी, मोजूनमापून घेतलेली शिस्त. आणि तिच्या शेजारी हा व्हिक्टोरियन थाटाचा विटांचा उभा गडी. मनोरा मधोमध ठेवायचे सोडून एका अंगाला सारलेला. छपरे टोकदार, रेषा मोडणाऱ्या. पहिल्या नजरेला वाटते की वास्तुविशारद विल्यम पार्किन्स यांनी आजूबाजूला पाहिलेच नाही. जरा थांबले की कळते, पाहिले म्हणूनच असे केले. दोन सारख्या वास्तूंमध्ये तिसरी सारखीच वास्तू आणली असती, तर चौक मेला असता. तोल सांभाळायला सीनी हॉलने एका बाजूला झुकणे पत्करले आहे. आणि १८८० च्या त्या प्रवचनाने आलेल्या पैशाने अथेन्सची पुनरावृत्ती केली नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते, मग ते कुणी ठरवून केलेले असो वा नसो. कुरबूर करायचीच तर एवढीच, की या उदार इमारतीच्या वर्गात १८८१ साली बसले ते फक्त गोरे मुलगे. हेगूड कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी पुढे बरेच झटले, पण आपल्या कॉलेजचे दार त्यांनी उघडले नाही.

मनोऱ्यात घड्याळ आहे आणि घंटा आहे. घंटा १७९६ च्या ओतकामाची, म्हणजे कॉलेजहून चाळीस वर्षांनी मोठी. कोक्सबरीचा दुसरा संसार जळाला, त्याच सालची. ती राणी व्हिक्टोरियाने भेट दिली अशी कथा कॉलेजात अभिमानाने सांगतात. ऐकून घ्यावी. दाते सीनी यांचे मात्र १८८४ च्या आर्थिक पडझडीत दिवाळे वाजले. त्यांची बँक बुडाली आणि चित्रांचा प्रसिद्ध संग्रह लिलावात निघाला. कॉलेजला दिलेले पैसे तेवढे विटा होऊन राहिले.

हे सगळे आज पाहायला मिळते याचे श्रेय कुठल्या जतनसमितीला आधी द्यावे असे मला वाटत नाही. ते जाते कोका-कोलाला. १९१४ साली दक्षिणेच्या चर्चचा व्हँडरबिल्ट विद्यापीठावरचा ताबा कोर्टात गेला. चर्चला नवे विद्यापीठ हवे झाले. कोका-कोलाचे धनी एसा कँडलर यांनी त्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले. त्यांचे बंधू वॉरन कँडलर बिशप होते आणि एमरीचे माजी अध्यक्षही. विद्यापीठ अटलांटात काढायचे ठरले, १९१५ ला सनद झाली, आणि १९१९ साली कॉलेजने ऑक्सफर्डातून चंबूगबाळे आवरले. तिकडे हेन्री हॉर्नबोस्टेल यांनी संगमरवराने मढवलेल्या इटालियन घाटाच्या इमारती उभ्या केल्या. इकडे ऑक्सफर्डात शाळावजा संस्था उरली आणि १९२९ पासून दोन वर्षांचे कॉलेज. समजा, दहा लाख डॉलर याच गावात खर्च झाले असते तर? फाय गॅमाच्या जागी संगमरवरी ग्रंथालय आले असते, आणि जुना चौक एका जलरंगातल्या चित्रापुरता उरला असता. पैसा निघून गेला, पाडण्याची कुणाला घाई राहिली नाही, आणि वापर पूर्ण थांबला नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओस पडलेल्या वास्तूला जॉर्जियाची दमट हवा आणि वाळवी फार दिवस ठेवत नाही. वर्ग भरत राहिले, म्हणून छप्पर गळले की कुणीतरी ओरडले.

१९७५ साली ऑक्सफर्डचा जुना भाग राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेला. फ्यू हॉलला आता नव्या नाट्यगृहाची इमारत जोडली आहे. वादाची जागा नाटकाला मिळाली, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. बोलके सभागृह बोलकेच राहिले. काचेच्या पेटीत घालून ठेवलेल्या ओसरीपेक्षा तालमीला उशीर झालेली पोरे जिच्यावरून धावतात ती ओसरी मला जास्त शाबूत वाटते.

पण गावातली जतनाची सगळ्यांत अवघड कहाणी चौकात नाही. ती जुन्या चर्चच्या बाजूला उभ्या असलेल्या एका छोट्या लाकडी घरात आहे. हे किटीचे घर. गोऱ्या गावाने शंभर वर्षे सांगितलेली गोष्ट अशी: किटी ही बिशप अँड्र्यूंना वारशाने आलेली गुलाम मुलगी. एकोणिसाव्या वर्षी तिला विचारले, स्वतंत्र होऊन लायबेरियाला जातेस का? ती नाही म्हणाली. जॉर्जियाचा कायदा तिला राज्यात राहून मुक्त होऊ देईना, तेव्हा बिशपनी आपल्या अंगणात तिला हे घर बांधून दिले आणि कायद्याला चालेल तेवढे मोकळे ठेवले. ती १८५१ साली वारली. १९३८ मध्ये एका धनिकाने हे घर विकत घेऊन जवळच्या सेलम कँपग्राउंडवर हलवले आणि त्याचे संग्रहालय केले. दुसऱ्या वर्षी दफनभूमीत तिच्या निष्ठेचे गुणगान करणारी मोठी शिळा बसवली. जतनाच्या नावाखाली घर वाचले, आणि त्यासोबत गोष्टही जशीच्या तशी लोणच्यासारखी मुरवत ठेवली गेली.

१९९४ साली घर ऑक्सफर्डात परत आले. मग मार्क ऑसलँडर या मानववंशशास्त्रज्ञाने, विद्यार्थ्यांना आणि गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना सोबत घेऊन, ही गोष्ट उसवायला घेतली. आधी त्यांनी दफनभूमीतल्या हयगय झालेल्या कृष्णवर्णीय विभागाची साफसफाई आणि नोंदी हाती घेतल्या. मग कागदपत्रे धुंडाळली. बिशपकडे किटीशिवाय आणखी अनेक गुलाम होते, हे त्यांतून बाहेर आले. दयाळू मालक आणि निष्ठावान दासी ही जोडी मुख्यतः मालकाच्या बाजूने रचलेली होती. २०११ साली ऑसलँडर यांचे पुस्तक आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत एमरी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी कॉलेजच्या सुरुवातीच्या काळातल्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल, आणि ते कबूल करायला लावलेल्या उशिराबद्दलही, जाहीर खेद व्यक्त केला. पाठोपाठ किटीचे वंशज या घरात येऊन गेले.

वास्तुरसिक म्हणून या घराबद्दल माझी एक अडचण आहे. ते दोनदा हलले. मूळ जागी त्याचा अर्थ एका अंतरात होता: मालकाच्या मागील दारापासून या उंबऱ्यापर्यंतच्या चालत जायच्या अंतरात. हाक मारली की ऐकू जाईल, इतकेच ते स्वातंत्र्य. आता शेजारी चर्च आहे, १८४१ चे, तेही लाकडी आणि देखणे. त्यामुळे घर अधिक सोज्वळ दिसते. भिंती अस्सल, पण अंतर हरवले. फाय गॅमा आणि फ्यूचे उलट झाले: त्यांचा उपयोग बदलला, माणसे बदलली, पण दोन दारांमधले अंतर पहिल्या दिवसाचेच आहे. जतन करताना आपण विटा आणि लाकूड मोजतो. मधली मोकळी जागा वहीत मांडायची राहून जाते.

लँग्वेज हॉललाही आता नवे नाव आहे. २०२१ साली तो होरेस जे. जॉन्सन ज्युनियर हॉल झाला. जॉन्सन हे ऑक्सफर्ड ज्यात येते त्या न्यूटन काउंटीच्या शाळांमधली वर्णभेदाची भिंत ओलांडणाऱ्या पहिल्या मुलांपैकी एक. १९७७ साली ऑक्सफर्ड कॉलेजातून शिकून बाहेर पडले आणि तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. इमारत होती तशीच आहे, बेताच्या ऐपतीची.

अटलांटात मराठी वस्ती बरीच आहे, आणि तिथून ऑक्सफर्ड पूर्वेला जेमतेम चाळीस मैलांवर. जाणाऱ्यांनी क्रम मात्र उलटा धरावा. घंटेचा मनोरा लांबूनच खुणावतो, पण तिकडे आधी वळू नये. आधी किटीचे घर पाहावे, मग चालत चौकात यावे आणि फाय गॅमाच्या ओसरीत शिरावे. खांबांची उंची डोळ्यांत भरायच्या आत, १८५१ साली ते खांब कुणी उभे केले असतील, हा प्रश्न तोवर सोबत आलेला असतो.